बार्शी लाइट रेल्वेची स्थानके आणि फलाट : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या आर्थिक व सामाजिक इतिहासात बार्शी लाइट रेल्वेला महत्त्वाचे स्थान आहे. अडीच फूट मापाच्या या नॅरोगेज रेल्वेने १८९७ पासून शंभरावर वर्षे बार्शी, पंढरपूर, लातूर आणि पुढे मिरज या गावांना मुख्य लोहमार्गाशी जोडून ठेवले. तिच्याविषयी झालेले लेखन प्रामुख्याने दोन विषयांभोवती फिरताना दिसते. एक, तिचा जनक एव्हरार्ड कॅल्थ्रॉप आणि दुसरा, त्याने घडवून घेतलेली इंजिने व वाघिणी. इंजिनाचे आकर्षण स्वाभाविक आहे. परंतु ज्या शेतकऱ्याने आपली कापसाची गाडी रेल्वेच्या दारी आणून सोडली किंवा ज्या वारकऱ्याने द्वादशीचे पारणे सोडून परतीची वाट धरली, त्याची आणि रेल्वेची गाठ प्रथम पडली ती स्थानकावर. इंजिनाचा अभ्यास पुष्कळ झाला. फलाटाचा झालाच नाही, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

प्रस्तुत निबंधात या रेल्वेच्या स्थानकांचा व फलाटांचा विचार केला आहे. लाइट रेल्वेच्या उभारणीमागे काटकसरीचे एक निश्चित तत्त्व होते. या तत्त्वानुसार बुद्धी आणि पैसा यांचा विनियोग चाकांवर व्हावा, जमिनीवरच्या बांधकामावर नव्हे, अशी अपेक्षा होती. बार्शीच्या कापसाला आणि गळिताच्या धान्याला हे तत्त्व पुरेसे ठरले. पंढरपूरच्या यात्रेपुढे मात्र ते अपुरे पडले. या दोहोंमधील ताण या रेल्वेच्या अखेरपर्यंत टिकला, हे येथे दाखवावयाचे आहे.

बार्शी रोड : गावाआधीचे स्थानक

मुंबईहून १८५३ मध्ये निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८५९ च्या अखेरीस माढा तालुक्यातील कुर्डुवाडीजवळ आणि १८६० मध्ये सोलापुरास पोहोचला. कुर्डुवाडी त्या वेळी नगण्य वस्ती होती. म्हणून स्थानकाला नाव मिळाले ते तेथून सुमारे २१ मैलांवर असलेल्या बाजारपेठेचे, ‘बार्शी रोड’ असे. रेल्वेच्या परिभाषेतील हा ‘रोड’ शब्द मोठा फसवा आहे. स्थानकाच्या नावापुढे तो आला की गाव तेथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता तेवढा येथून फुटतो, असे समजावयाचे. नवख्या उतारूची या शब्दाने किती फजिती केली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

बार्शी ही निजामाच्या मुलखाच्या सीमेवरील पेठ होती. बालाघाटाच्या डोंगरापलीकडील कापूस, करडई, जवस व धान्य बैलगाड्यांनी तेथे येई आणि पुन्हा बैलगाड्यांनीच बार्शी रोड स्थानकापर्यंत जाई. सोलापुरात १८७७ च्या सुमारास पहिली कापडगिरणी सुरू झाल्यानंतर कापसाच्या या वाहतुकीला आणखी महत्त्व आले. कोरड्या हंगामात गाडीवाट चाले. पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतत. रेल्वे दाराशी आली होती, पण दार आणि घर यांत एका दिवसाची मजल उरली होती. ही उणीव जी. आय. पी. कंपनीत इंजिन-निरीक्षक म्हणून काम करणाऱ्या कॅल्थ्रॉपच्या लक्षात आली. ब्रॉडगेजची शाखा टाकण्याइतकी वाहतूक नाही आणि बैलगाडी पुरत नाही, अशा प्रदेशासाठी स्वस्त पोषक मार्ग हवा, ही त्याची भूमिका होती. नोकरी सोडून त्याने या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी लंडनमध्ये स्थापन झाली.

पाच टनांचा हिशेब

कॅल्थ्रॉपच्या योजनेचा गाभा एका आकड्यात सांगता येतो. इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, असे त्याने ठरविले. भार सर्व आसांवर समान वाटला गेला की हलके रूळ चालतात, हलक्या रुळांना हलका भराव व हलके पूल पुरतात आणि दर मैलाचा खर्च उतरतो. इंजिनाचे वजन अनेक चाकांवर विभागले जावे म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीकडून आठ जोडचाकांची टाकी-इंजिने बनवून घेण्यात आली. वाघिणींच्या चौकटी दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्यांच्या होत्या. वजन कमी आणि ताकद अधिक, हा त्यांचा विशेष होता. हे सर्व साहित्य भारतात पाठविण्यापूर्वी लीड्सजवळील न्यूले येथे खास टाकलेल्या रुळांवर चालवून तज्ज्ञांना दाखविण्यात आले. नॅरोगेज म्हणजे खेळण्यातील गाडी, हा समज खोडून काढणे हा त्यामागील हेतू असावा.

या हिशेबात स्थानकाचा वाटा कोणता? लाइट रेल्वेच्या विचारपद्धतीत उत्तर स्पष्ट होते. मुख्य मार्गांवरील स्थानकांप्रमाणे दगडी कमानी, प्रशस्त प्रतीक्षालये, उंच फलाट व पादचारी पूल ही चैन होती. एक लहान खोली, तीत तिकिटाची खिडकी आणि तारयंत्र, समोर ओटा, बाजूस मालधक्का, पाण्याची टाकी आणि गाड्यांना एकमेकींस ओलांडू देणारी दुसरी रूळजोडी, एवढ्यावर छोट्या स्थानकाचा कारभार भागत असे. अर्थात मनमानीला वाव नव्हता. १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्यानुसार उतारूंसाठी मार्ग खुला करण्यापूर्वी सरकारी निरीक्षकाने तो पाहून दाखला देणे आवश्यक होते. तथापि सुरक्षित असणे आणि सोयीचे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कायद्याला मुख्यतः पहिलीची काळजी होती.

नॅरोगेजच्या बांधणीनेही या काटकसरीला हातभार लावला. चाके लहान, म्हणून डब्याची तळफळी जमिनीपासून फार उंच नसे. पायरीवर पाय ठेवून सखल ओट्यावरून किंवा अगदी रुळाच्या पातळीवरूनही डब्यात चढता येई. ब्रॉडगेजच्या डब्याला फलाट नसेल तर शिडीच लागते. येथे धडधाकट माणसाची अडचण होत नसे. धडधाकट नसलेल्यांचे काय, हा प्रश्न त्या काळच्या कोणत्याच रेल्वेने फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. डोक्यावर बोचके, कडेवर मूल आणि अंगावर नऊवारी लुगडे अशा अवस्थेत चढणाऱ्या बाईला त्या एका पायरीची उंची किती वाटत असेल, हे आराखड्यावर लिहिलेले नसते.

माती, मुरूम आणि दगड

फलाट बांधणे ही वरकरणी सोपी बाब वाटते. सोलापूर–बार्शी परिसरात ती तितकी सोपी नाही. येथील काळी कापसाची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा जमिनीवर थेट उभारलेली भिंत दोन-चार वर्षांत कलते. म्हणून काळी माती उकरून खालच्या मुरुमापर्यंत किंवा कठीण थरापर्यंत पाया न्यावा लागतो. त्यावर रुळांच्या बाजूने काळ्या पाषाणाची भिंत रचावयाची, मागे मुरुमाचा भराव थराथराने टाकून पाणी मारीत धुम्मसाने ठोकावयाचा आणि कडेला घडीव दगडांची ओळ बसवावयाची, ही या प्रदेशातील रूढ पद्धत. दगड आणि मुरूम दोन्ही जवळपास मिळतात, ही येथील जमेची बाजू. पृष्ठभागाला उतार द्यावयाचा तो रुळांच्या विरुद्ध दिशेने. त्यामुळे पावसाचे पाणी रुळांखालच्या भरावात मुरत नाही आणि हातगाडा किंवा पेटारा आपोआप घरंगळून रुळांवर जात नाही.

यापेक्षाही नाजूक प्रश्न असतो तो अंतराचा. नॅरोगेजचा डबा रुळांमधील अंतराच्या दुपटीहून अधिक रुंद असतो. म्हणजे दोन्ही बाजूंना तो रुळांबाहेर बराच पुढे येतो आणि चालताना डोलतो. फलाटाची कड फार जवळ आली तर डबा घासणार, दूर गेली तर उतारूचा पाय फटीत जाणार. स्थानक वळणावर असेल तर हे अंतर पुन्हा बदलते. त्यामुळे स्थानकासाठी शक्यतो सरळ व सपाट तुकडा निवडला जातो. गाव त्या तुकड्यापासून कोसभर दूर राहिले तर तो गावाचा दोष!

स्थानकांची जागा ठरविणारा आणखी एक घटक पाणी हा होता. टाकी-इंजिनात पाणी मर्यादित मावते. वाटेत ते पुनःपुन्हा भरावे लागते. सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा. रेल्वेचे काम चालू होते तो १८९६–९७ चा काळ तर दुष्काळाचाच होता. बारमाही पाण्याची विहीर असलेली जागा स्थानकासाठी किती मोलाची, हे अशा वर्षी वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

मार्ग सुरू झाला त्याच १८९७ साली, फेब्रुवारीत, साथरोग कायदा अमलात आला. मुंबई इलाख्यात प्लेगचा फैलाव रोखण्यासाठी ठिकठिकाणच्या रेल्वे स्थानकांवर उतारूंची वैद्यकीय तपासणी होऊ लागली. फलाटाला हे एक नवेच काम लागले. जेथून प्रवास सुरू व्हावयाचा, तेथेच तो अडविला जाऊ लागला.

कुर्डुवाडीचे दोन फलाट

कुर्डुवाडीस दोन मापांचे मार्ग एकत्र आले. ब्रॉडगेजचे माप साडेपाच फूट, नॅरोगेजचे अडीच. एका मार्गावरील वाघीण दुसऱ्या मार्गावर जाऊ शकत नव्हती. बार्शीहून आलेले प्रत्येक पोते आणि कापसाची प्रत्येक गाठ येथे उतरवून पुन्हा चढवावी लागे. पोषक मार्गाचा सर्व नफा जेथे गळू शकतो, अशी ही जागा होती. हमालांची मजुरी, पोती फुटून होणारी सांड, गहाळ होणारा माल, पावसात भिजणारा कापूस आणि ब्रॉडगेजच्या रिकाम्या वाघिणी वेळेवर न मिळाल्यास साचणारा ढीग, या साऱ्यांचा भार शेवटी भाड्यात किंवा व्यापाऱ्याच्या तोट्यात उमटतो. मापबदलाच्या स्थानकावर धक्क्याची उंची म्हणूनच महत्त्वाची. दोन्ही वाघिणींची तळफळी धक्क्याला समतल राहील अशी रचना असेल तर पोते पाठीवरून सरळ जाते. ती तशी नसेल, तर दिवसभरात शेकडो वेळा चढ-उतार हमालाच्या गुडघ्यांना करावी लागते.

कॅल्थ्रॉपला या दोषाची जाणीव होती, याचे प्रत्यंतर त्याच्या नंतरच्या कामात मिळते. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात १९०४ मध्ये सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली या त्याच मापाच्या रेल्वेसाठी त्याने वाहक-वाघिणी योजल्या. मोठ्या मार्गाची भरलेली वाघीण जशीच्या तशी तीवर चढवून पुढे न्यावयाची, माल उतरवावयाचाच नाही, अशी ही सोय होती. तेथे दूध हा नाशवंत माल होता आणि मार्ग जेमतेम आठ मैलांचा. बार्शीकडे मैल अधिक, मजुरी स्वस्त. उपाय कोठे योजावा आणि कोठे हमाल लावावेत, हे केवळ अभियांत्रिकी ठरवीत नाही.

या अदलाबदलीनेच कुर्डुवाडी घडली. दोन गाड्यांमधील प्रतीक्षेचा काळ, मालाची चढ-उतार, नॅरोगेजचा कारखाना आणि रेल्वे कर्मचाऱ्यांची वसाहत यांच्या आधाराने दुकाने, खानावळी, शाळा उभ्या राहिल्या. सामान्यतः गावासाठी स्थानक बांधले जाते. येथे स्थानकासाठी गाव वसले आणि कालांतराने स्थानकाने ‘बार्शी रोड’ हे उसने नाव टाकून गावाचे नाव धारण केले.

पंढरपूर : वारी आणि लाइट रेल्वे

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कुर्डुवाडीहून मोडनिंब, आष्टीमार्गे पंढरपूरकडे शाखा गेली आणि या रेल्वेचे स्वरूप पालटले. बार्शीचा मार्ग मालासाठी कल्पिलेला होता. त्याचा हंगाम ठरलेला, पण काही महिन्यांचा. पंढरपूरची वाहतूक माणसांची, आणि तीही तिथीला बांधलेली. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांपैकी आषाढीची गर्दी सर्वांत मोठी. वर्षातील इतर दिवशी जे स्थानक दोन-चार गाड्यांपुरते जागे होत असे, त्याला चार-सहा दिवसांत एका मोठ्या शहराची वस्ती पेलावी लागे.

या गर्दीचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. वारी पायी करावयाची असते. पालख्यांबरोबर चालत आलेला वारकरी येताना रेल्वेला तोशीस देत नाही. रेल्वेने येणारेही दशमीपर्यंतच्या अनेक दिवसांत विखुरलेले असतात. परंतु एकादशी झाली, द्वादशीचे पारणे सुटले की चालत आलेले आणि गाडीने आलेले असे दोन्ही समुदाय एकाच वेळी घराकडे वळतात. पेरणी झालेले शेत वाट पाहत असते आणि आषाढाचा पाऊस डोक्यावर असतो. म्हणजे स्थानकावरील खरा ताण आगमनाचा नसून प्रस्थानाचा. येणारी माणसे फलाट ओलांडून गावात मिसळतात. जाणारी माणसे फलाटावर साचतात. अडीच फुटी मार्गावरची गाडी लहान, मार्ग एकेरी, समोरून येणारी गाडी येईपर्यंत थांबणे भाग. एक गाडी भरून निघाली की मागे राहिलेल्यांना दुसरीपर्यंत तासन्‌तास तेथेच बसावे लागे. कीर्तन-भजनाने ही प्रतीक्षा सुसह्य होत असे, ही वारकऱ्यांची थोरवी, रेल्वेची नव्हे.

येथे काटकसरीचे तत्त्व उघडे पडते. वर्षातील साडेतीनशे दिवसांच्या मानाने आराखडा आखला तर यात्रेचे पंधरा दिवस कोलमडतात. यात्रेच्या मानाने आखला तर उरलेले वर्षभर भांडवल निजून राहते. खाजगी कंपनीने पहिला मार्ग पत्करावा यात आश्चर्य नाही. यात्रेच्या दिवसांत मालाच्या वाघिणींतून माणसे नेण्याची प्रथा भारतातील अनेक रेल्वेमार्गांवर होती. अशी वाघीण आणि सखल फलाट यांची जोडी म्हणजे म्हाताऱ्या माणसाची परीक्षाच. बार्शी लाइटच्या डब्यांच्या टपांवर बसून जाणाऱ्या यात्रेकरूंचे दृश्य तर या प्रदेशाच्या स्मृतीत कायमचे कोरले गेले आहे. टपावर चढण्याला बेशिस्त म्हणणे सोपे आहे. आत जागा नाही आणि फलाटावर छप्पर नाही, अशा स्थितीत टप हा तिसरा पर्याय होता.

गर्दीबरोबर रोगराईचा प्रश्न होता. पटकीची साथ आणि पंढरीची यात्रा यांचा संबंध एकोणिसाव्या शतकापासून सरकारी आरोग्य खात्याच्या चिंतेचा विषय राहिला. रेल्वेने साथीचा वेग वाढविला. पायी जाणारा रोगी वाटेत थांबे, गाडीने जाणारा दुसऱ्या दिवशी गावी पोहोचे. त्यामुळे यात्रास्थळाच्या स्थानकावर शुद्ध पाणी, शौचकूप आणि निवारा या वास्तुशोभेच्या नव्हे, जीवनमरणाच्या बाबी होत्या. कॅल्थ्रॉपच्या पाच टनांच्या हिशेबात त्यांना कोठे रकाना नव्हता.

पाण्याचा विषय निघाला असता आणखी एका बाजूकडे दुर्लक्ष करता येत नाही. तिकिटापुढे सर्व समान, हे रेल्वेचे तत्त्व स्थानकाच्या आवारात मात्र अनेकदा थांबत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९०१ मधील आपल्या बालपणीच्या कोरेगावच्या प्रवासाची हकीकत लिहून ठेवली आहे. मसूर स्थानकावर उतरलेल्या, नीटनेटक्या पोशाखातील मुलांची आपुलकीने चौकशी करणारा स्टेशन मास्तर त्यांची जात कळताच मागे सरला आणि पैसे देऊ करूनही गाडीवाले त्यांना न्यावयास तयार होईनात. मसूर हे सातारा जिल्ह्यातील मीटरगेजवरील स्थानक, बार्शी लाइटचे नव्हे. परंतु दक्षिण महाराष्ट्रातील छोट्या स्थानकाचे सामाजिक वास्तव समजून घेण्यासाठी याहून बोलका पुरावा क्वचित सापडेल. गाडीत बसण्याचा हक्क तिकिटाने मिळत होता; फलाटावरून गावात जाण्याचा मिळत नव्हता.

लातूर आणि मिरज

पूर्वेकडे हा मार्ग बालाघाट चढून निजामाच्या राज्यात शिरला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचला. येडशी, ढोकी, मुरूड ही त्यावरील स्थानके. जिल्ह्याचे ठिकाण असलेले उस्मानाबाद मात्र वाटेत आले नाही. तेथील माणसाला येडशी गाठावे लागे. लातूरच्या बाजारपेठेच्या उत्कर्षात या मार्गाचा वाटा सर्वश्रुत आहे. पश्चिमेकडे १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला, कवठे महांकाळमार्गे मिरजेपर्यंत विस्तार झाला आणि एकूण लांबी सुमारे २०२ मैल झाली. पुणे–मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाल्यानंतर काही वर्षे मिरजेस ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशी तिन्ही मापे एकाच स्थानकात नांदत होती. तीन मापे म्हणजे फलाटांच्या तीन जाती. कुर्डुवाडीचे कोडे येथे तिपटीने गुंतागुंतीचे झाले.

बागेतील रेल्वे आणि मोजमापाचा प्रश्न

मॅनिफोल्ड खोऱ्यातील रेल्वे १९३४ मध्येच बंद पडली. तिच्या एका इंजिनाला कॅल्थ्रॉपचे नाव होते आणि तिची इंजिने बार्शीच्या अनुभवावर बेतलेली होती. या अर्थी ती बार्शी लाइटची धाकटी बहीण. तिचे फलाट जमिनीपासून जेमतेम सहा इंच उंच होते. आज तिच्या मार्गावर पायवाट आहे आणि हल्म एंड येथील तिकीटघर पर्यटक माहिती केंद्र झाले आहे. इंग्लंडमध्ये घरामागील बागेत छोट्या रुळांवर अशा रेल्वेची प्रतिकृती उभारण्याचा छंद रुजलेला आहे. फुटाला १६ मिलिमीटर हे त्यातील एक प्रचलित प्रमाण. या प्रमाणात अडीच फुटी मार्ग बरोबर ४० मिलिमीटरचा होतो आणि सहा इंची फलाट आठ मिलिमीटरचा. हा उल्लेख विषयांतर वाटेल. पण त्यात अभ्यासपद्धतीचा एक मुद्दा दडलेला आहे. प्रतिकृती उभारणाऱ्याला इतिहासकाराने सहसा न विचारलेले प्रश्न विचारावेच लागतात. फलाट किती लांब होता, कडेचा दगड केवढा होता, खिडकी कोणत्या दिशेला उघडत होती, उतार कोणीकडे होता, हे ठाऊक नसेल तर आठ मिलिमीटरचा तुकडाही बसविता येत नाही.

महाराष्ट्रात बागेतील रेल्वे म्हटली की पुण्याच्या पेशवे उद्यानातील ‘फुलराणी’ आठवते. १९५६ मध्ये सुरू झालेल्या या गाडीने अनेक पिढ्यांना रेल्वेचा पहिला अनुभव दिला. तिचे स्थानक मुलांच्या मापाचे; ओट्यावरून पाऊल उचलले की डब्यात. लहान गाडी, सखल फलाट आणि सहज चढणे हे नॅरोगेजचे सुख तेथे निर्भेळ मिळते, कारण तेथे कोणाला कोठेच पोहोचावयाचे नसते. बार्शी लाइटला ‘खेळण्यातील गाडी’ म्हणून हिणविणाऱ्यांच्या हे ध्यानात आले नाही की तिने शंभर वर्षे पोती आणि माणसे खरोखर पोहोचविली.

मापबदल

१९५४ मध्ये भारत सरकारने ही रेल्वे विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत समाविष्ट झाली. मापबदलाची मागणी जुनी होती. ती न्याय्यही होती. कुर्डुवाडीची चढ-उतार टळल्याखेरीज लातूरच्या बाजाराला देशाच्या बाजाराशी थेट जोडणे शक्य नव्हते. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी कुर्डुवाडी–पंढरपूर, २००७–०८ मध्ये लातूर–उस्मानाबाद–कुर्डुवाडी आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत पंढरपूर–मिरज असा ब्रॉडगेजचा विस्तार पूर्ण झाला. नव्या आखणीत उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, प्रथमच मार्गावर आले.

मापबदल म्हणजे रूळ सरकविणे नव्हे. भराव रुंद होतो, पूल नवे लागतात, वळणे सैल करावी लागतात. जुना फलाट तर मुळीच उपयोगी पडत नाही. ब्रॉडगेजच्या उंच फलाटाची पातळी रुळांपासून ७६० ते ८४० मिलिमीटर आणि त्याची कड मार्गाच्या मध्यापासून १६७० ते १६८० मिलिमीटर असावी लागते. नॅरोगेजचा सखल ओटा या दोन्ही मापांत नापास होतो. तो एक तर फोडला जातो, नाही तर नव्या भरावाखाली गाडला जातो. लाइट रेल्वेच्या साऱ्या साहित्यात सर्वाधिक टिकाऊ वाटणारी वस्तू, दगडी ओटा, ही अशा रीतीने सर्वांत आधी नाहीशी होणारी ठरते. इंजिन हलविता येते. नागपूरला मोतीबाग येथे २००२ मध्ये नॅरोगेजचे संग्रहालय उभे राहिले, दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालय १९७७ पासून आहे. इंजिने तेथे जाऊन उभी राहू शकतात. फलाट उचलून नेता येत नाही. त्याचे जतन जागच्या जागी करावयाचे किंवा तो पाडण्यापूर्वी त्याची मापे, छायाचित्रे आणि नकाशे घेऊन ठेवावयाचे, एवढेच शक्य असते. बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर व लातूर येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम विद्यार्थ्यांच्या साहाय्याने करता येण्याजोगे आहे. जुन्या मार्गावर काम केलेले कर्मचारी आणि त्या गाडीने वारीहून परतलेले वृद्ध अजून गावोगाव आहेत. त्यांच्या मुलाखतींना मात्र आता विलंब परवडणारा नाही.

आषाढीला आज पंढरपूरहून ब्रॉडगेजच्या विशेष गाड्या सुटतात. मापबदलाच्या दुसऱ्या एका परिणामाची नोंद येथे करावयास हवी. कुर्डुवाडीने आपले जुने नाव टाकले, तरी याच मार्गावर तडवळ्याजवळचे ‘कळंब रोड’ आणि लातूरच्या पूर्वेस विकाराबाद–परळी मार्गावरील ‘लातूर रोड’ ही नावे वेळापत्रकात कायम आहेत. लातूरला स्वतःचे ब्रॉडगेज स्थानक मिळाले आहे. कळंबला मिळालेले नाही, आणि कळंब रोडच्या फलाटावर उतरणाऱ्याला पुढे रस्त्यानेच जावे लागते.